तिथलं पाणी

“जिथं तपासायला जाशील, सिद्धेश्वरी, तिथलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. चहा तर लांबच राहिला. तहान लागली तर परत आल्यावर घरचं पी. एका दिवसाच्या तहानेनं कुणी मरत नाही.”

चनबसप्पा सर हे बोलले त्याला खूप वर्षं झाली. सर लिंगैक्य झाले, त्यालाही आता बराच काळ लोटला. कॅगच्या लेखापरीक्षा पथकात नवी नवी लागलेली सिद्धेश्वरी कलशेट्टी आता स्वतः पथकाची प्रमुख झाली होती, कानामागचे केस रुपेरी झाले होते, तरी सरांचा तो शब्द तिनं कधी मोडला नव्हता. कुणी सोमवार धरतं, कुणी चतुर्थी. तिचं हे असं होतं. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात थेंब घालायचा नाही, आणि दिवसभर ज्या खात्याची तपासणी चालू आहे त्यांच्या दारात थेंब घ्यायचा नाही. पहिलं व्रत आईनं दिलेलं, दुसरं सरांनी. दोन्ही ती सारख्याच निष्ठेनं पाळायची आणि खरं सांगायचं तर दोन्हींत काही फरक असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

सोलापूर तिचं माहेर. इकडे काम निघालं की ती बाळीवेशीत भावाच्या घरी उतरायची. त्या दिवशीही पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून ती बाहेर आली, तेव्हा वहिनीनं, सुंदरम्मानं, स्टीलची बाटली भरून तयार ठेवली होती. गल्लीच्या तोंडाशी जीप उभी होती. मागं तिचा सहकारी उदयसिंह बसलेला, पुढं पाणीपुरवठ्याच्या कामांचे उपअभियंता आबासाहेब.

“आली का आपल्या पथकाची तिसरी मेंबर?” उदयसिंहनं बाटलीला जागा करून दिली. “मॅडम, हिचाही प्रवासभत्ता काढूया एकदा.”

“काढ. आणि हरकतही तूच घे त्यावर,” ती हसून म्हणाली.

बिळेहळ्ळीला जायचं होतं. वळसंग मागं टाकून आत गेलं की कर्नाटकाच्या अंगाला हे गाव. तिथं नदीकाठच्या विहिरीतलं गोडं पाणी पाइपलाइननं आणून घरोघर नळ दिल्याचं कागदोपत्री पूर्ण झालं होतं. आता संयुक्त पाहणी. म्हणजे कागदावर जे झालंय म्हणतात ते खात्याच्या आणि लेखापरीक्षेच्या माणसानं मिळून जागेवर जाऊन बघायचं आणि एकाच टिपणावर दोघांनी सह्या करायच्या. सह्या झाल्या की नंतर कुणाला हात झटकता येत नाहीत.

“एवढं तुमचं टिपण झालं की गाव पूर्ण,” आबासाहेब मागं वळून म्हणाले. “उद्याच यादी तहसीलला जाते. मग टँकरची कटकट संपली. दर उन्हाळ्यात त्या टँकरच्या मागं पळून जीव मेटाकुटीला आला बघा.”

“टँकर बंद होणार?”

“नळ आल्यावर टँकर कशाला, मॅडम?”

बोलणं रास्त होतं. तिनं मान डोलावली.

गावात पोचले तर पंचायतीत खुर्च्या मांडून ठेवलेल्या. कपांतून चहा आला, बिनदुधाचा, काळाभोर. सिद्धेश्वरीनं हात जोडले. उदयसिंहनंही तिच्याकडं बघून कप सरकवला, पण त्याला गप्प राहवेना.

“आबासाहेब, एवढ्या म्हशी बांधल्यात दारोदार, आणि चहा कोरा?”

“आता सगळ्यांना शुगर निघालीय हो.”

“शुगर असली तर साखर सोडतात, साहेब. दूध नव्हं.”

सगळे हसले. आबासाहेबही हसले, पण ते हसता हसता उठून उभे राहिले. “चला, ऊन चढायच्या आत बघून घेऊ.”

टाकी बघितली. नवीकोरी, निळ्या रंगाची. पाइप बघितले. मग गल्लीगल्लीतले नळ. आबासाहेबांनी फोन केला की पाइपचा वॉल सुटायचा, आणि जिथं जावं तिथं नळाला पाणी. धार चांगली होती, नितळ होती. उदयसिंह फोटो काढत होता आणि सिद्धेश्वरी टिपणात रकाने भरत होती.

शेवटची गल्ली ओढ्यापलीकडची, गावापासून जरा सुटी. तिथलं पहिलं घर मल्लव्वाचं. दारात म्हैस, पायरीशी घासून ठेवलेली भांडी, ओसरीच्या कोपऱ्यात कापड बांधलेला रांजण. मल्लव्वा सत्तरीची असेल. तिचा पोरगा भीमा पंचायतीत रोजंदारीवर वॉलमन होता; आबासाहेबांचे फोन सकाळपासून त्यालाच जात होते.

नळ सुटला. पाणी आलं. फोटो निघाला.

“चला, झालं,” आबासाहेब म्हणाले.

मल्लव्वानं तेवढ्यात त्याच नळाखाली पेला धरला, भरला, आणि दोन्ही हातांनी सिद्धेश्वरीपुढं केला.

“घ्या की बाई. उनातनं आलाय.”

“नको, अव्वा. तहान नाही.”

“दोन घोट तर घ्या.”

“खरंच नको.”

मल्लव्वा पेला मागं घेईना. तिची नजर सिद्धेश्वरीच्या चेहऱ्यावरून कपाळावरच्या विभूतीवर गेली आणि तिथंच थांबली. “का वो? आमच्या हातचं चालत न्हाय व्हय?”

सिद्धेश्वरीच्या अंगावर काटा आला. “तसं नाही हो अव्वा! देवाशपथ तसं नाही. माझा नेम आहे, कामावर असताना…”

“मॅडम कुणाकडंच घेत नाहीत, म्हातारे. पथ्य असतं त्यांचं,” आबासाहेब मध्ये पडले. जरा जास्तच लगबगीनं मध्ये पडले. “ठेव तो पेला.”

मल्लव्वानं पेला ठेवला नाही. पायरीच्या दगडावर तिनं तो सावकाश पालथा केला. आणि कानडीत पुटपुटली, “नीर कुडीलारदवर नीर नोडाक बंदार.”

आबासाहेबांना कानडी येत नव्हती. सिद्धेश्वरीचं तर आजोळच कानडी. पाणी न पिणारे पाणी बघायला आलेत, असं म्हातारी म्हणाली होती.

जीपच्या बॉनेटवर टिपण ठेवून आबासाहेबांनी सही केली, पेन तिच्या हातात दिलं. ‘नळाद्वारे पुरेसा पाणीपुरवठा होत असल्याचे आढळले.’ तिनं डोळ्यांनी बघितलं होतं तेच लिहिलेलं होतं. तिनं सही केली.

गाव मागं पडलं तरी ते कानडी वाक्य कानातून जाईना. आधी तिला वाटलं, आपल्याला लागलंय ते जातीचं बोलणं. ज्या बसवण्णांचं नाव घेऊन आपण रोज लिंग हातात धरतो, त्यांनी कुणाच्या हातचं नको म्हणायला शिकवलं नाही, आणि आज एक म्हातारी आपल्याकडं बघून तसं समजली. हे तर होतंच. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी टोचत होतं. तिनं बाटली उघडली, तोंडाला लावली आणि घोट तोंडात असतानाच तिला ती पायरी आठवली.

घासलेल्या भांड्यांच्या बुडाशी पांढऱ्या कडा होत्या. पायरीच्या काळ्या दगडावर, जिथं पाणी रोज सांडत असेल तिथं, पांढरी खपली धरली होती. मल्लव्वानं पेला पालथा केला तो नेमका तिथंच. आणि दारोदार म्हशी असून चहा कोरा. दूध नव्हतं म्हणून नाही. दूध घातलं असतं तर तो त्या खाऱ्या पाण्यात फाटला असता.

तोंडातला घोट तिला गिळवेना.

“उदयसिंह,” ती हळूच म्हणाली, “नळाचं पाणी तू प्यायलास का रे?”

“मी? तुमच्यासोबत असताना?”

“मीही नाही प्यायले. आपण एवढे नळ बघितले, आणि पाणी कसं आहे ते आपल्यातल्या एकालाही ठाऊक नाही.” तिनं बाटलीचं झाकण लावलं. “गाडी वळवा.”

आबासाहेब गर्रकन वळले. “का? काही राहिलं?”

“पाणी प्यायचं राहिलं.”

“तुमची बाटली आहे की भरलेली!”

“तिथलं प्यायचंय.”

आबासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “मॅडम, सही झालीय. तीनला बैठक आहे. आमच्या विजयमाला मॅडम वाट बघतायत. आणि आता गेलात तरी लाइट गेली असेल, नळ बंद असतील.”

“गाडी वळवा,” ती तितक्याच हळू आवाजात पुन्हा म्हणाली. ड्रायव्हरनं एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा आरशातून तिच्याकडं, आणि गाडी वळवली.

नळ बंदच होते. मल्लव्वा म्हशीला वैरण टाकत होती. मागनं आबासाहेब आलेच, हाताची घडी घालून दारात उभे.

“अव्वा, पाणी द्या. चुकलं माझं.”

“संपलं पानी.”

रांजणाला बांधलेलं कापड ओलं होतं. दोघींनीही तिकडं बघितलं. मग सिद्धेश्वरी कानडीत म्हणाली, “पाणी खारं आहे ना? नदीचं नाही हे.”

म्हातारीचा वैरणीचा हात थांबला. ही बाई आपली भाषा बोलते हे तिला आत्ता कळत होतं. ती कानडीतच, वैरणीकडं बघत बोलली.

“जुन्या बोअरचं आहे. नदीचं पाणी आलंच नाही कधी. डाळ शिजत नाही त्यात. प्यायला टँकरचं धरून ठेवतो, तेवढंच.”

“मग सकाळी बोलला का नाहीत?”

“बोलले की! पेला भरून हातात दिला होता. आणखी कसं बोलू? भीमाची रोजी यांच्या हातात आहे. तोंडानं बोलले तर पोराचं काम जाईल. पाहुण्याला पाणी दिलं तर कुणाच्या बापाला विचारायला लागत नाही. तू प्यायली असतीस तर तुझं तुलाच कळलं असतं.”

अख्ख्या गावात एका माणसानं साक्ष दिली होती, आणि तिनं हात जोडून ती परत केली होती.

“काय म्हणतीय म्हातारी?” आबासाहेबांनी विचारलं.

“म्हशीचं सांगतायत. दूध कमी झालंय,” सिद्धेश्वरी मराठीत म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. कानाच्या पाळ्या तापल्या. पुन्हा कानडीत ती म्हणाली, “आता द्या. एक घोट.”

“आता तो बघतोय. आता नाही देत.”

“मग उद्या सकाळी येते. जीप न आणता, एकटी. पूजा करून निरंकार, थेंब न घेता निघेन आणि तुमच्या घरच्या पाण्यानं तोंड ओलं करीन.”

“लई माणसं येतो म्हणून गेलीत, बाई,” मल्लव्वा आता मराठीत आली. मग पुन्हा आवाज खाली गेला, कानडीत. “रात्रीतनं टाकीत टँकर ओततील हे. सकाळी नळाला साखरेसारखं पाणी येईल, बघ.”

“टाकीतलं बदलता येईल. तुमच्या घरात भरून ठेवलेलं?”

मल्लव्वानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. “ओसरीतला रांजण नळाचा आहे. भांड्याला, म्हशीला. झाकून ठेवते.”

“नाळी बर्तीनी, अव्वा,” सिद्धेश्वरी म्हणाली. उद्या येते.

तीनच्या बैठकीला कार्यकारी अभियंता विजयमाला मॅडम फाइल उघडूनच बसल्या होत्या. नेटकी बाई, शब्द तोलून बोलणारी.

“बिळेहळ्ळी. पुरवठा होत असल्याचं आढळलं, दोघांच्या सह्या. हरकत नाही असं इतिवृत्तात घेऊ?”

“नको,” सिद्धेश्वरी म्हणाली. “पाहणी पुरी झालेली नाही.”

विजयमाला मॅडमनी फाइल तिच्याकडं फिरवली.

“कलशेट्टी मॅडम, ही सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग?”

“धार बघितली, पाणी तपासलं नाही. चूक माझी आहे. तसं या टिपणाखाली माझ्या हातानं लिहून देते.”

“सही करून मागं फिरायचं म्हणजे…” विजयमाला मॅडमनी चष्मा काढला. “कोण बोललं तुम्हाला? नाव सांगा. उगीच गावातल्या भांडणात कुणी काही कानात भरतं.”

आबासाहेब टेबलावर बोटं वाजवत होते. त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

“कुणी नाही बोललं,” सिद्धेश्वरी म्हणाली. “सकाळी गावात मला पाणी देऊ केलं होतं. मी घेतलं नाही. घेतलं असतं तर ही सही झाली नसती. एवढंच.”

“आणि आता काय करणार?”

“उद्या घेणार.”

“हौसेनं घ्या की,” आबासाहेब एकदम गोड झाले. “उद्या सकाळी नळ सोडायला सांगतो. पोटभर प्या, मॅडम. बाटल्या भरून न्या तपासायला.”

म्हातारीनं सांगितलं होतं तसंच चाललं होतं सगळं. सिद्धेश्वरीनं मान खाली घालून टिपणाखाली लिहायला घेतलं. अक्षर तिचं नेहमीचं आलं नाही.

“यादी उद्या दुपारी तहसीलला जाते,” विजयमाला मॅडम फाइल मिटत म्हणाल्या. “तोवर तुमचं लेखी काही आलं नाही, तर सकाळची सही धरून मी गाव पूर्ण दाखवणार. आणि झाला प्रकार तुमच्या कार्यालयाला कळवणार. गैरसमज नसावा.”

“नाही. तुमचं बरोबर आहे,” सिद्धेश्वरी म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर उदयसिंहनं तिला गाठलं. “मॅडम, वेडेपणा कशाला? मी सकाळी बाटल्या घेऊन जातो, नळाचे नमुने घेतो, प्रयोगशाळेत देतो. प्यायची काय गरज?”

“नळाला उद्या गोडं पाणी असेल.”

उदयसिंहच्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. मग त्यानं एक शिवी गिळली, तिच्याकडं बघून.

“घराघरांत आजचं भरलेलं पाणी असेल,” ती म्हणाली. “त्याचे नमुने घ्यायचे. पण तू बाटली घेऊन दारात गेलास तर एक दार उघडायचं नाही. मी आधी जाते. एक उघडलं की बाकीची उघडतील. तू मागनं ये, आणि सगळ्या गल्ल्यांतनं घे. एका घरावर बोट यायला नको.”

“त्या म्हातारीच्या?”

“नाव घेऊ नकोस. टिपणातही नको.”

दिवेलागणीला ती ओसरीवर बसली. सुंदरम्मा दुसऱ्या दिवसाचं बेलपत्र निवडत होती.

“वहिनी, चनबसप्पा सर एकदा आपल्या घरी आले होते, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? तांब्याभर पाणी प्यायले, वर भाकरी मागून घेतली. आणि ताटातलं एक शीत टाकलं नाही.”

“ते तपासायला आले नव्हते.”

“नव्हतेच. पाहुणे म्हणून आले होते.” सुंदरम्मानं एक किडकं पान बाजूला काढलं. “का गं?”

“उद्या मी तपासायला जातेय की पाहुणी म्हणून, तेच कळेना झालंय. सरांचा शब्द उद्या मोडतोय माझ्या हातून.”

सुंदरम्मा शिकलेली बेताची, पण नणंदेला ओळखून होती. “पाणी देणारीची तुझ्याकडं काही मागणी आहे का?”

“नाही. उलट तिलाच भीती आहे.”

“मग मिंधी कशी होशील तिची?” एवढं बोलून ती पुन्हा पानांकडं वळली. सिद्धेश्वरीला ते पुरतं पटलं असं नाही. सर समोर असते तर त्यांना विचारलं असतं, आणि त्यांनी काय सांगितलं असतं हे तिला आज पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं.

पहाटे ती उठली. न्हाली. डाव्या तळहातावर लिंग घेतलं, पाण्याची धार धरली, विभूती, बेल. रोज डोळे मिटले की मन ठरायचं. आज धारेबरोबर ते सारखं ओसरीतल्या रांजणाकडं जात होतं. म्हातारीनं तो झाकला असेल का? की रात्री कुणी येऊन दम दिला असेल, आणि भिऊन तिनं ते पाणी म्हशीपुढं ओतलं असेल? दार उघडेल का ती? तिनं लिंगाला कपाळ टेकवलं आणि आज स्वतःसाठी काही मागितलं नाही.

सुंदरम्मा सवयीनं बाटली भरून उभी होती.

“आज नको, वहिनी.”

“अगं, ऊन बघ बाहेर काय पडणार आहे! निदान दूध तरी घे कपभर.”

“आल्यावर घेते.”

तिनं पदर खोचला, चपला घातल्या आणि गल्लीतून खाली निघाली. विभूती पुसावी का, असं एकदा मनात आलं. पुसली नाही. म्हातारीनं काल ज्या कपाळाकडं बघून विचारलं होतं, त्याच कपाळानं तिच्या दारात जायचं होतं.

अक्कलकोटकडची एसटी लागलेलीच होती. वळसंगला उतरून पुढं मिळेल ते वाहन, नाहीतर पायी. कंडक्टरनं तिकीट फाडून हातात दिलं. शेजारची बाई लेकराला बाटलीनं पाणी पाजत होती; तिनं सहज बाटली पुढं केली. सिद्धेश्वरीनं हसून मान हलवली. जीभ टाळ्याला चिकटत होती. गाडी हलली तशी तिनं रिकामे हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत राहिली.